समुद्राच्या फोटोबरोबर हवाही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा लागला की आपल्या अंकात किनाऱ्यावरच्या अर्धमॅरेथॉनच्या बातम्या येऊ लागतात. निळा समुद्र, नारळांची रांग, हसरे धावपटू. फोटो पाहून आमच्या इंदुरातली चार मंडळी लगेच नाव नोंदवून मोकळी होतात. त्यांच्या वतीने आणि थोडं माझ्याही वतीने हे पत्र.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी धावू लागले. सराव सुपर कॉरिडॉर या इंदुरातल्या रस्त्यावर. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, जानेवारीतली पहाट गार. घाम येतो आणि वाळतो. घरी आल्यावर टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात. मुंबईची अर्धमॅरेथॉन धावले तेव्हा माहीमच्या रेतीबंदराहून निघून सी-लिंक संपायच्या आतच मी निथळत होते. छातीवर टाचलेला नंबर भिजून अंगाला चिकटला, बूट पचपच वाजू लागले. वेग नेहमीचाच, पण मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके भलतेच दाखवत होतं.

कारण सरळ आहे. घाम नुसता येऊन अंग थंड होत नाही, तो उडून जावा लागतो. दमट हवेत तो उडत नाही, शरीर आणखी घाम काढतं आणि पाण्याबरोबर मीठही जातं. मग माणूस दर टेबलापाशी नुसतं पाणी ढोसतो. प्रमाणाबाहेर गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, गरगरतं. आमच्यासारख्या सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण आम्ही रस्त्यावर जास्त वेळ असतो आणि पिण्याचे थांबे एकही सोडत नाही! माझ्या कमरेच्या पिशवीत जीरावणाची पुडी होती. पोह्यांवर भुरभुरायचा तो खारट मसाला पेडर रोडच्या चढावर मी चिमूट-चिमूट चाटत होते. शेजारच्या मुंबईकर बाईंनी आधी संशयाने पाहिलं, मग हात पुढे केला.

आता देखाव्याचं. शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटली. एरवी सी-लिंकवर पायी जाता येत नाही, म्हणून त्याचं मोठं अप्रूप. पण त्या वेळी दोन्ही बाजूंना काळोख. मुंबईत जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. म्हणजे दोन तासांत २१.०९७५ किलोमीटर संपवणाऱ्यांना समुद्र जवळजवळ दिसतच नाही. मी मरीन ड्राइव्हवर पोहोचले तेव्हा उजाडत होतं, म्हणून मला दिसला. मागे राहण्याचा एवढा फायदा मी आनंदाने घेतला. शिवाय मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य इमारतींच्या मागून वर येतो आणि रस्त्यावर बराच वेळ सावली राहते. माझा भाचा विशाखापट्टणमच्या बीच रोडवर धावला. तिथे सूर्य समुद्रातूनच उगवतो, मुंबईच्या सुमारे ४० मिनिटं आधी, आणि घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे मुंबईला चालणारी सुटण्याची वेळ तिथे चालेलच असं नाही.

हे सगळं कोकणातल्या आयोजकांसाठी लिहिते आहे, कारण आमच्या गटाला आता तिकडे यायचं आहे. मुंबईची वेळ जशीच्या तशी उचलू नका, रस्ता कुठे तोंड करून आहे ते बघून ठरवा. आणि ‘समुद्रकिनाऱ्याने’ म्हटलं की आम्ही इंदूरकर सपाट रस्ता समजतो. कोकणात खाडी ओलांडली की सडा, म्हणजे कातळाचं पठार, चढायचा आणि सडा उतरला की पुढची खाडी, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्हाला सांगावं लागतं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा आरे-वारेचा रस्ता मी गाडीतून पाहिला आहे. वरून समुद्र असा दिसतो की गाडी थांबवावीच लागते. पण तो दिसतो वरून! तिथवर धावत चढायचं असेल तर चढ कितव्या किलोमीटरला आहे आणि केवढा, हे जाहिरातीतच छापा. त्या आठवड्यातलं सकाळचं तापमान आणि आर्द्रता साधारण किती असते, तेही. पिण्याच्या टेबलांवर पाण्याबरोबर मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत ठेवा. ते तुमच्या घरचंच आहे, बाहेरून मागवायला नको. आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं फक्त सुरुवातीला आणि शेवटी नकोत, मध्येही हवीत. याबद्दल पुरुष धावपटू कधी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. इंदूरहून रत्नागिरी म्हणजे गाडी बदलणं आलंच. रस्त्याचा नकाशा आणि सुटण्याची वेळ त्याआधी जाहीर झाली, तर आम्हाला तिकिटं काढता येतील आणि बायपासजवळच्या टेकडीवर चढाचा सरावही सुरू करता येईल.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर