काकूंचे डोळे

सातारा,
रविवार रात्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "हात गेले, पाय गेले, बोलणं गेलं, मग आईचे डोळे तेवढे कसे राहिले रे?" मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच वाचतोय.

काकूंना झालेल्या एएलएस या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम अगदी थोडं असतं, बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट. शेजारच्या पेशीकडून ग्लुटामेट या रसायनाचा निरोप आला की दारं उघडतात आणि ते आत शिरतं. तेवढ्यापुरतं ते हवंच असतं. पण निचरा झाला नाही, तर पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया त्या ओझ्याने थकतात आणि पेशी आतून खचते.

काही पेशींकडे हे कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं असतात, पार्व्हअल्ब्युमिन आणि कॅल्बिंडिन. १९७३ साली क्रेट्सिंजर या शास्त्रज्ञाला कार्प माशाच्या पार्व्हअल्ब्युमिनमध्ये हाताचा आकार दिसला. तर्जनी आणि अंगठा ताणलेले, बेचक्यात कॅल्शियमचा आयन! डोळे फिरवणाऱ्या पेशींत ही प्रथिनं आहेत. जीभ हलवणाऱ्या आणि मज्जारज्जूतल्या हातापायांच्या पेशींत ती जवळजवळ नाहीत. ज्या आधी जातात, त्या नेमक्या याच.

हे एकटंच कारण नाही. डोळ्यांच्या पेशी इतरही बाबतींत वेगळ्या आहेत. पण मला हे पटतं, कारण लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या ओनुफ केंद्रातल्या पेशीही या आजारात बऱ्याचदा टिकतात, आणि काकू अजून खूण करून सांगतात, असं तू म्हणालास.

ही प्रथिनं माणसात वाढवणारं औषध आज नाही. कुणी तसं सांगून काही विकायला आलं तर एक पैसा देऊ नकोस. रिल्युझोल हे औषध ग्लुटामेटचा मारा कमी करतं, ते चुकवू नकोस. आणि कॅल्शियमच्या भीतीने दूध बंद केलंस ना? रक्तातली पातळी शरीर स्वतः सांभाळतं, दुधाने चेतापेशींत पूर येत नाही. गिळायला झेपेल असं कसं द्यायचं, तेवढं डॉक्टरांना विचार.

शनिवारी येतोय. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी लिहिली आहे, मात्रा वेगळ्या ओळीत. काकूंनी नुसतं बघायचं, आपण बोट फिरवायचं. पहिला शब्द त्यांचा त्यांना ठरवू दे.

तुझा,
अवि