पहिल्या सुराच्या आधी

लंडन, 9 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, हा तंबोरा बनवून झाला की दुकान बंद, नजर साथ देत नाही. मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. फोन ठेवला आणि फिरायला निघाले ती हायबरी न्यू पार्क नावाच्या रस्त्यावर जाऊन थांबले. तिथे काय आहे ते तुम्हाला कधीपासून सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.

त्या रस्त्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. मुळात ते चर्चचं सभागृह. पुढे तिथे वेसेक्स नावाचा स्टुडिओ झाला आणि आता फ्लॅट झालेत. या स्टुडिओत टॉक टॉक नावाच्या इंग्लिश बँडने आपला शेवटचा अल्बम केला, 'लाफिंग स्टॉक'. तो 1991 साली आला.

आधी ही मंडळी नाचायची गाणी करायची आणि ती सगळ्या युरोपात वाजायची. मग 1988 साली 'स्पिरिट ऑफ ईडन' आला आणि सगळंच बदललं. लांब, संथ, मध्येच थबकणारं संगीत. यातून रेडिओवर वाजवायला काय काढायचं, असा प्रश्न रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला पडला. कराराचं भांडण कोर्टात गेलं. बँड त्यातून सुटला, दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तिथे गेल्यावर माघार घ्यायची सोडून आणखी पुढे गेला. तोवर बेस वाजवणारा पॉल वेबही बाहेर पडला होता. उरले गायक मार्क हॉलिस आणि ड्रमवर ली हॅरिस. सोबतीला टिम फ्रीझ-ग्रीन, हॉलिसबरोबर गाणी रचणारा आणि निर्माताही.

1990च्या सप्टेंबरात ते आत गेले ते पुढच्या वसंतापर्यंत. रेकॉर्डिंग करणाऱ्या फिल ब्राउनने त्या दिवसांबद्दल सांगून ठेवलंय. खिडक्या झाकल्या होत्या, घड्याळं काढून टाकली होती. अंधारात भिंतीवर तेलाच्या प्रोजेक्टरचे रंग हलायचे, बाकी उजेड नावालाच. ड्रमचा माइक ड्रमजवळ न ठेवता खोलीत लांब ठेवायचे, म्हणजे वाद्याबरोबर मधली हवासुद्धा ऐकू येते. तुम्ही नवा तंबोरा छेडून दाराशी जाऊन उभे राहता ना, अगदी तसं. लहानपणी मला वाटायचं, बाबा वाजवून पळून का जातात?

जवळपास 50 वादक येऊन गेले. ट्रम्पेट, हार्मोनिका, चेलो आणि व्हायोला, तोही एकदोन नव्हे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण. एकेकाने सुचेल ते तासन्‌तास वाजवायचं आणि त्यातून दोन-चार सूर ठेवायचे. ज्यांचं काही ना काही अल्बमवर राहिलं ते 18च्या आसपास. बाकीचं सगळं गेलं. बाबा, वाया गेलं असं मला म्हणवत नाही. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासताना खाली पडणारा भुगा आई रोज झाडून टाकायची, पण तो पडल्याशिवाय तार कुठे बोलली असती?

हॉलिस म्हणायचा, दोन सूर वाजवण्याआधी एक वाजवायला शिका, आणि तोही कारण असेल तरच. अल्बममध्ये एका जागी एकच सूर मिनिटभराहून जास्त धरलाय. गोड नाही, खरखरीत आहे, फाटतो, पण हलत नाही. पहिल्यांदा मी घाबरून आवाज कमी केला होता. आता तिथेच मला दुकानाची आठवण येते. तुम्ही एकाच तारेवर अख्खी दुपार काढायचात. मी विचारायचे, झालं का? तुम्ही मान हलवायचात. नाही.

सुरुवात तर त्याहून वेगळी. गाणं सुरू होण्याआधी नुसती अ‍ॅम्प्लिफायरची बारीक घरघर. दुसऱ्या कुणी ती कापून टाकली असती. यांनी ठेवली. मग गिटार येते, तीही चाचपडत, आणि बऱ्याच वेळाने गळा. सहा गाणी, पाऊण तासाच्या आत संपतात.

त्यानंतर बँड उरला नाही. हॉलिसने 1998 साली स्वतःच्या नावाने एक अल्बम केला, त्याहूनही शांत. मग तो संगीत सोडून बायकामुलांत राहिला. 2019 साली 64व्या वर्षी गेला. 'लाफिंग स्टॉक' फारसा खपला नव्हता, पण आज इथले कितीतरी तरुण वादक तो जिवापाड जपतात.

दुकान बंद करू नका, असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं तुम्ही पाठ वाकवून बसलात. फक्त या तंबोऱ्याची घाई करू नका. गिऱ्हाईक पुण्याहून कितीही फोन करू दे. भोपळा पंढरपूरकडचा, तुम्ही स्वतः निवडून वाळवलेला, असं दादा सांगत होता.

आणि एक मागणं आहे. जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवायला बसाल त्या दिवशी दादाला फोन चालू करून कपाटावर ठेवायला सांगा. तुमच्या जवळ नको, लांब, दाराकडच्या कपाटावर. कानशीचा आवाज, घोडीवर तारेखाली दोरा सरकवताना तुमचं ते थांबणं, गल्लीतली सायकल, सगळं येऊ दे. दादाने मधलं काही कापायचं नाही. तुमच्या सकाळी दहाला इथे साडेचार वाजलेले असतात. मी उठून बसेन.

आईला नमस्कार. थंडीची काळजी करू नये, नवा स्वेटर घेतलाय.

तुमची,
मनू