मंत्रिमहोदय, प्रेक्षक घरी गेला. अनुदान अजून थिएटरच्या दारात उभे आहे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका ओटीटी कंपनीने आमच्या चित्रपटाचा ठरलेला सौदा फिरवला. ठोक रक्कम मिळणार होती. आता म्हणे, जितके तास पाहिला जाईल तितके पैसे. मराठी निर्मात्यांना हा निरोप आता नवा राहिलेला नाही. 2023 मध्ये वूट हे ओटीटी ॲप जिओसिनेमात विरघळले आणि 14 फेब्रुवारी 2025 ला जिओसिनेमा नि हॉटस्टार एक झाले. तीन गिऱ्हाइकांचे एक उरले, की भाव तेच ठरवणार.

तासांचा हिशेब करून बघा. समजा ताशी 3 रुपये धरले. दोन तासांचा चित्रपट एक लाख घरांनी शेवटपर्यंत पाहिला, तर हाती 6 लाख. आणि शेवटपर्यंत कोण बघतो? शिवाय तास किती झाले हे कंपनीच सांगणार. मोजणारा तोच, देणारा तोच. अमेरिकेतल्या लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप केला, तेव्हा कुठे पाहिलेल्या तासांचे आकडे त्यांच्या संघटनेला मिळू लागले, तेही गुप्ततेच्या अटीवर. पहिल्या 90 दिवसांत देशातल्या 20 टक्के वर्गणीदारांइतकी प्रेक्षकसंख्या झाली तर बोनस, हेही करारात आले. आमच्याकडे अनुदानासाठी ढीगभर कागद मागणारे शासन या कंपन्यांकडे एक कागद मागत नाही.

आता मुख्य दुखणे. थिएटरसाठी केलेली डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवायची डिजिटल फाइल, ओटीटीला चालत नाही. तिचे रंग अंधाऱ्या सभागृहातल्या प्रोजेक्टरसाठी असतात. टीव्हीसाठी ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, पुन्हा बसवावे लागते. थिएटरचा मिक्स (सगळ्या आवाजांची एकत्र जुळणी) घरी लावला की पार्श्वसंगीत अंगावर येते आणि संवाद दबतात, म्हणून घरासाठी मिक्स वेगळा. नेटफ्लिक्सला संवादांची पातळी उणे 27 एलकेएफएस (आवाज किती मोठा ऐकू येतो याचे माप) लागते, दोनने इकडेतिकडे. आवाजाचे शिखर उणे 2 डेसिबलच्या वर नको. सर्वांत जास्त घोटाळा एम अँड ई ट्रॅकमध्ये, म्हणजे संवाद सोडून संगीत नि इतर आवाजांच्या ट्रॅकमध्ये, होतो. सिंक साउंडमध्ये, म्हणजे चित्रीकरणातच आवाज घेतला तर, पावले, भांडी, दार सगळे संवादांसोबत रेकॉर्ड झालेले असते. डबिंगसाठी संवाद काढले की तेही जातात, आणि फोली, म्हणजे असे आवाज स्टुडिओत करून रेकॉर्ड करणे, नव्याने करावी लागते. ते पैसे बजेटमध्ये कोणी धरलेलेच नसतात. क्यूसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक तपासणीत, फाइल परत येते आणि सौदा लटकतो.

त्याहून वाईट म्हणजे कागद. गीतकाराशी अर्ध्या पानाचा करार झालेला असतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19 वाचा: मुदत लिहिली नसेल तर हक्क 5 वर्षांचे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारताचे. जगभरचे हक्क मागणाऱ्या कंपनीचा वकील तिथेच बोट ठेवतो. दुबई-न्यू जर्सीतला मराठी माणूस चित्रपट पाहायला बसला आहे, आणि आमच्याकडे तो त्याला दाखवण्याचा कागद नाही.

तुमच्या खात्याचे लक्ष मात्र थिएटरकडे. ‘अ’ दर्जाला 40 लाख, ‘ब’ दर्जाला 30 लाख, हे वर्षानुवर्षे ऐकतोय. तेही चित्रपट पूर्ण झाल्यावर, समितीने पाहिल्यावर. तोवर सावकाराचे व्याज कोण भरतो? दहातले आठ चित्रपट बुडतात असे या लाइनीत कोणीही सांगेल. सात धरा, नऊ धरा. 2015 मध्ये मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम देण्याची घोषणा झाली, आणि अखेर प्राइम टाइम ठरला दुपारी 12 ते रात्री 9! नोकरदार माणूस मंगळवारी दुपारी बाराला सहकुटुंब येईल, असा शासनाचा गाढ विश्वास दिसतो. हिंदी चित्रपट ओटीटीवर जाण्याआधी मल्टिप्लेक्सवाले आठ आठवडे अडवून धरतात, दक्षिणेत अनेकदा चार चालतात. आमचे पोस्टर दुसऱ्या शुक्रवारी उतरते.

कृपा करून सरकारी ॲप काढू नका. केरळने मार्च 2024 मध्ये सीस्पेस काढले, 75 रुपयांत चित्रपट, निम्मे निर्मात्याला. हेतू चांगला. पण प्रेक्षक ॲपसाठी येत नाही, चित्रपटासाठी येतो, आणि सर्व्हरचा खर्च थांबत नाही. त्यापेक्षा गोरेगावच्या चित्रनगरीत मास्टरिंग (अंतिम फाइल तयार करणे) आणि क्यूसीची एक खोली सुरू करा, परवडणाऱ्या दरात. मुदत, प्रदेश, माध्यम यांची कलमे असलेला नमुना करार मराठीत छापा. अनुदानाचा एक हप्ता ओटीटीची फाइल तयार झाल्यावर द्या. चित्रनगरीत सवलतीत चित्रीकरण करणाऱ्या कंपन्यांना पाहिलेल्या तासांचे आकडे निर्मात्याला देण्याची अट घाला. एवढे तर तुमच्या हातात आहे ना?

की तेही नाही? ओटीटीचे नियम केंद्राचे, जीएसटी परिषदेचा, थिएटरचा परवाना दुसऱ्याच खात्याचा. प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते, आणि मराठी अस्मितेचे भाषण मात्र सगळ्यांच्या अखत्यारीत येते.

‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढेच उत्तर येणार असेल, तर तो संबंधित विभाग कोणता, तेवढे तरी त्यात लिहा.

आपला,
एक मराठी निर्माता