कापलेलं भात तुमच्या विम्यात का बसत नाही?

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला भातशेतकरी. 2025 ची दिवाळी उरकून आम्ही भात कापायला घेतलं आणि पाऊस आला. कापलेल्या भाताची कडपं शेतात पसरलेली होती. "दोन दिवसांत पंचनामा करतो, भात हलवू नका," असं सांगून गेलेले साहेब पुन्हा फिरकलेच नाहीत. त्यांच्या शब्दावर आम्ही भात पाण्यात राहू दिलं. लोंब्यांना मोड आले, पेंढा काळा पडला, त्याला बैलही तोंड लावत नाहीत. पुढच्या वर्षीचं बियाणं त्यातच होतं. आईने ओल्या लोंब्या घरात पंख्याखाली पसरल्या, पण रात्रीतून घरभर कुबट वास भरला आणि त्याही उकिरड्यावर गेल्या.

हवामान बदललंय हे आम्हाला शिबिरात सांगायला नको. त्या वर्षी 25 मेलाच मान्सून राज्यात शिरला. रोपांसाठी भाजायचे राब भिजले, पावसाआधी कोरड्यात करायची धूळपेर राहिली. एरवी पाऊस उशिरा सुरू होतो म्हणून आम्ही गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात, कमी करून कर्जत-3 सारखं लवकर येणारं हळवं लावतो, तर ते तयार होतं तेव्हा पाऊस जायचं नाव घेत नाही. गरवं ठेवलं तर ते दिवाळीनंतर असं सापडतं. काहींनी आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सोडून नेरळच्या भडसावळ्यांची थेट बी टोकायची सगुणा पद्धत धरली. मजुरी वाचली. पण कापलेल्या भाताला चार दिवस कडक ऊन लागतंच, त्याला कुठलीच पद्धत पुरी पडत नाही.

आणि नेमकं इथेच तुम्ही हात काढून घेतलात. खरीप 2025 पासून शेतकऱ्याने एक रुपया भरून मिळणारा पीकविमा बंद, काढणीनंतरच्या नुकसानीची भरपाईही बंद, सगळं सरासरी उत्पादनावर, म्हणजे मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर: निवडक शेतांतलं पीक कापून उत्पादन मोजायचं. प्रयोग उभ्या पिकाचा होतो साहेब, आमचं भात सडतं ते कापल्यावर. म्हणजे सरकारी कागदावर माझं पीक उत्तम आलंय!

अतिवृष्टीच्या मदतीचं 31,628 कोटींचं पॅकेज 7 ऑक्टोबर 2025 ला जाहीर झालं, आमचा पाऊस त्यानंतरचा. कोरडवाहूला नुकसानीच्या मदतीचा मूळ दर हेक्टरी 8,500, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 86 रुपये. मजुराची अर्ध्या दिवसाची मजुरी तरी निघते का त्यात?

भातसा, तानसा ही धरणं आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून काढला तेव्हा गुंठा न् गुंठा मोजायला माणसं होती. पंचनाम्यालाच माणूस मिळत नाही? शेतकऱ्याकडून घ्यायचं असलं की यंत्रणा दारात, द्यायचं असलं की गायब.

काढणीनंतरचं नुकसान पुन्हा विम्यात घ्या. पंचनाम्याला कोणी आलं नाही, तर शेतकऱ्याने काढलेला फोटो ग्राह्य धरा. हे होणार नसेल, तर पुढच्या खरिपाला आमच्याकडे विम्याचा हप्ता मागू नका.

आपला,
शहापूर तालुक्यातील एक भातशेतकरी