नव्या कन्सोलची ताकद जाते कुठे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘नवा कन्सोल घेतला, पण चित्र तर जुन्यासारखंच दिसतं’ ही तक्रार नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे टीव्हीला जोडून गेम खेळायचे कन्सोल आल्यापासून सर्रास ऐकू येते. खापर बहुधा यंत्रावर फुटते. जरा हिशेब मांडून पाहावा.

प्लेस्टेशन ४ ची ग्राफिक्स क्षमता १.८४ टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणिते, याचे माप), प्लेस्टेशन ५ ची १०.२८; म्हणजे साधारण साडेपाच पट. जुने मोठे गेम बहुतांशी १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे) चित्र सेकंदाला ३० फ्रेमनी, म्हणजे ३० वेळा नव्याने काढून, दाखवत. ४के म्हणजे चौपट पिक्सेल, वर ६० फ्रेम म्हणजे त्याच्या दुप्पट काम. चार दुणे आठ. साडेपाच पट ताकदीत आठ पट काम, आणि तेही जुनेच चित्र काढण्यासाठी! नवी चिप जुनीपेक्षा कार्यक्षम आहे हे मान्य, पण प्रकाशात, झाडापानांत, गर्दीत भर घालायला हाती फारसे उरत नाही. म्हणून ‘परफॉर्मन्स’ मोडमध्ये, म्हणजे बारकाव्यापेक्षा वेगाला प्राधान्य देताना, अनेक गेम ४के पेक्षा बरेच कमी पिक्सेल काढतात आणि उरलेले अंदाजाने भरतात. पात्र पळताना गवत, केस किंवा तारेची जाळी चमचमते ती यामुळेच. मेमरीचेही तसेच. प्लेस्टेशन ३ वरून ४ वर येताना ती ५१२ एमबीवरून ८ जीबी, म्हणजे सोळा पट झाली. ५ मध्ये १६ जीबी, जेमतेम दुप्पट. खोक्यावर मात्र सुरुवातीला ‘८के’सुद्धा छापलेले होते.

खरी झेप दोन ठिकाणी होती, प्रोसेसर आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवरची साठवण). जुनी हार्ड डिस्क सेकंदाला फार तर १०० एमबीच्या आसपास वाचायची, प्लेस्टेशन ५ ची एसएसडी ५.५ जीबी वाचते. हार्ड डिस्कच्या काळात रस्त्यावरची टपालपेटी किंवा दिवा अशा वस्तूंच्या प्रती डिस्कवर शेकडो ठिकाणी ठेवाव्या लागत, कारण वाचणाऱ्या सुईला इकडून तिकडे धावायला वेळ नसे. पुढचा भाग मेमरीत येईपर्यंत नायकाला अरुंद कपारीतून अंग चोरत चालवायचे, नाहीतर लिफ्टमध्ये उभे करायचे, हा ठरलेला उपाय.

आता गोम इथे आहे. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे पुरी दोन वर्षे उलटल्यावर आला, तोही प्लेस्टेशन ४ वर चालेल असाच. त्यातल्या कपारी तशाच. जुन्या यंत्रासाठी पिक्सेल कमी करता येतात, सावल्या पुसट करता येतात; पण नकाशाची मांडणी, नायकाचा वेग, एका वेळी अंगावर येणारे शत्रू हे सहसा कमी करता येत नाही, कारण तो गेमच बदलतो. मग आराखडा दुबळ्या यंत्राच्या मापाने होतो. जुने कन्सोल घरोघर असताना प्रकाशक ते गिऱ्हाईक सोडणार नाहीत, हा धंदा आहे. पण मग निराशेचे आश्चर्य कशाला? एक्सबॉक्सने तर १० जीबी मेमरीची, कमी ताकदीची सिरीज एस स्वतःच शेजारी उभी केली. ‘बाल्डर्स गेट ३’ तिच्यावर दोघांसाठी पडदा विभागून चालेना, म्हणून एक्सबॉक्स आवृत्ती रखडली आणि शेवटी सिरीज एसवर सुरुवातीला ती सोय वगळूनच आली.

ज्यांनी कन्सोल घेतला आहे त्यांनी निदान मिळते ते पुरते घ्यावे. प्लेस्टेशन ५ च्या सेटिंग्जमधल्या ‘गेम प्रीसेट’मध्ये ‘परफॉर्मन्स मोड’ निवडावा. एका फ्रेमचा वेळ ३३ मिलिसेकंदांवरून सुमारे १७ वर येतो आणि हा फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ (चित्रावरची जादा प्रक्रिया टाळून उशीर कमी करणारी सोय) चालू हवा. ४के मध्ये १२० फ्रेम हव्या असतील तर कन्सोलसोबत आलेली केबलच वापरावी आणि ती टीव्हीच्या एचडीएमआय २.१ (जास्त वेगाने चित्र वाहून नेणाऱ्या) खाचेतच लावावी. बऱ्याच टीव्हींवर अशा खाचा एक-दोनच असतात, आणि त्या खाचेसाठी टीव्हीच्या मेनूमधली सेटिंग वेगळी चालू करावी लागते.

आपला,
एक वाचक