थरथर रस्त्याची की शाफ्टची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गावर ताशी शंभरच्या पुढे गाडी थरथरते, म्हणजे रस्त्याचे कामच वाईट झाले आहे, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचले. रस्त्याबद्दल बोलायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, टोल तेच भरतात. थरथरीबद्दल मात्र मला थोडे बोलायचे आहे. माझी हयात एसटीच्या विभागीय कार्यशाळेत गिअरबॉक्स, शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब फिरता दांडा) आणि डिफरन्शियल (ती ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा दातेरी चाकांचा गोळा) खोलण्यात गेली. निवृत्तीनंतर भाच्याच्या गॅरेजवर जाऊन बसतो. बसतो म्हणजे चहा पितो, आणि एखादी गाडी रॅम्पवर चढली की न राहवून तिच्याखाली जातो.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. त्याआधी आमच्या जालन्याच्या गाड्या सिंदखेडराजा, मेहकर करत नागपूरला जायच्या. त्या रस्त्यावर काटा ऐंशीच्या वर सलग दहा मिनिटे टिकणे मुश्कील. आता त्याच गाड्या शंभर-एकशेवीसने तासन्तास पळतात. फिरणाऱ्या भागात कुठे थोडे वजन जास्त असेल, तर वेग दुप्पट झाल्यावर त्याचा झटका चौपट होतो. साठला जे कुणाला जाणवत नव्हते ते एकशेवीसला चहाचा कप हातात धरू देत नाही. दोष जुनाच, त्याला बोलायला रस्ता नवा मिळाला.

रस्त्याचाही थोडा वाटा असतो, नाही असे नाही. सिमेंटच्या रस्त्यात साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. ताशी शंभरला सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात आणि त्याची ठेक्यात टकटक ऐकू येते. पण गाडी डांबरी रस्त्यावर आली की ती टकटक थांबायला हवी. डांबरावर त्याच वेगाला थरथर तशीच राहिली, तर मग रस्त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता चाक आणि शाफ्ट यांतला फरक. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. मोठ्या सातसीटर गाडीचे चाक एका फेरीत सव्वादोन मीटरच्या थोडे आत अंतर कापते. म्हणजे सेकंदाला सुमारे तेरा फेऱ्या. मागची चाके ओढणारी, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी असेल आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर चारच्या आसपास असेल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या चार), तर हा शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला बावन्न फेऱ्या मारतो, मिनिटाला तीन हजारांवर. चाकाची थरथर म्हणून जाड असते, जवळजवळ मोजता येईल अशी. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग हातात हलते, मागचे असेल तर सीट हलते. शाफ्टची थरथर बारीक असते. पिठाच्या गिरणीत उभे राहिल्यावर तळपायाला लागते तशी ती पायाखालच्या पत्र्याला, गिअरच्या दांड्याला आणि मधल्या सीटला लागते. स्टिअरिंग बहुधा शांत राहते. माझी नात मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून एका अॅपवर सेकंदाला किती कंपने ते दाखवते. चाकाच्या तेराला ते छान सापडते. शाफ्टच्या जलद कंपनाला सगळेच मोबाइल पुरे पडत नाहीत, तिथे तळपायच बरा.

उन्हाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांची अशीच सातसीटर भाच्याकडे आली. नव्वदपासून घूं घूं सुरू, शंभरला मागच्या सीटवरची माणसे गप्प. आमच्याकडे येण्याआधी त्यांनी दुसरीकडे व्हील बॅलन्सिंग (चाकाचा तोल साधणे) दोनतीनदा, अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणे), आणि पुढचे दोन नवे टायर एवढे सगळे करून घेतले होते. कुणीतरी इंजिन माउंटिंगही, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबरी आधार, बदलायला सांगितले होते. या सगळ्यांपैकी एकानेही गाडीत बसून शंभरचा वेग गाठलेला नव्हता. गॅरेजसमोरच्या गल्लीत चाळीसने चक्कर मारून शंभरचे दुखणे कसे कळणार?

आम्ही दोघे त्यांना घेऊनच गाडी बाहेर काढली. सकाळची वेळ, सरळ रिकामा रस्ता. नव्वदला पाचव्या गिअरमध्ये थरथर आली. त्याच नव्वदला चौथा टाकला, इंजिनचे फेरे वाढले, थरथर होती तशीच. म्हणजे ती इंजिनच्या फेऱ्यांवर नाही, गाडीच्या वेगावर चालते. क्लच दाबून क्षणभर न्यूट्रल केले, इंजिन खाली बसले, तरी थरथर कायम. इंजिन आणि माउंटिंग दोघेही संशयातून सुटले. मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तीन हजारांवर नेले, तर सगळे गुळगुळीत. राहिली चाके आणि शाफ्ट. स्टिअरिंग शांत होते, आणि पत्रा गुणगुणत होता.

(हे करताना चावी कधीही बंद करू नये. स्टिअरिंग जड होते, ब्रेकचा बूस्टर जातो आणि चावी पार मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते. ऑटोमॅटिक गाडीत चालत्या वेगात न्यूट्रलचा खेळ करूच नये; उभ्या गाडीत इंजिन फिरवून पाहावे, तेवढे पुरते. आणि एकशेवीसची मर्यादा चाचणीच्या नावाखालीही ओलांडायची नसते.)

रॅम्पवर गाडी घेतल्यावर कारण पाच मिनिटांत डोळ्यांना दिसले. काही महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलताना शाफ्ट काढला होता. शाफ्टच्या सरकत्या जोडाला स्प्लाइनचे दात असतात. तो जोड परत बसवताना एखादा दात मागेपुढे झाला, की दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकमेकांशी ठरल्याप्रमाणे जुळत नाहीत. क्रॉस म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा अधिकच्या खुणेसारखा तुकडा. त्याचा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. हे रेंगाळणे दुसऱ्या टोकाच्या क्रॉसने खोडून काढायचे असते. दोन्ही योक जुळलेले असतील तरच ते खोडले जाते, नाहीतर उलट वाढते. पुष्कळ शाफ्टवर यासाठी बाण कोरलेले असतात. नसतील तर काढण्याआधी दोन्ही बाजूंना सेंटर पंचाने टिंब मारायचे, निदान पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची. आमच्या कार्यशाळेत रेघ न ओढता शाफ्ट काढणाऱ्या पोराला फोरमन सगळ्यांसमोर उभे करायचे. त्या गाडीचा जोड बाणाला बाण लावून पुन्हा बसवला, क्रॉसना ग्रीस मारले, शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर हाताने हलवून पाहिले, ते ठीक होते. शंभरला गाडी शांत झाली. एका रुपयाचा सुटा भाग लागला नाही. दोन नवे टायर मात्र त्यांच्या पदरात पडलेच.

शाफ्टचे दुसरे एक कारण अलीकडे वाढले आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून काळे कोटिंग मारून घेतात. मारणाऱ्याने शाफ्ट झाकला नाही, तर त्या डांबरासारख्या थराचे गोळे एका बाजूला बसतात. कारखान्यात शाफ्टवर छोट्या पट्ट्या वेल्ड करून तोल साधलेला असतो, तो तिथेच बिघडतो. कोटिंगनंतर थरथर सुरू झाली असेल तर आधी शाफ्ट खरवडून साफ करा. मात्र खरवडताना त्या वेल्ड केलेल्या पट्ट्यांना ‘कचरा’ समजून उडवू नका, असेही शिकाऊ वीर मी पाहिले आहेत. चाकाचेही तसेच: पावसाळ्यात शेतातून गाडी काढली आणि रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून बसली, तर बॅलन्सिंगच्या मशीनआधी पाण्याचा पाइप लावावा. आमची काळी माती वाळली की दगड होते.

पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या गाड्यांना लांब शाफ्ट नसतो, दोन बाजूंना दोन एक्सल असतात. तिथे खूण वेगळी. पाय ॲक्सिलरेटरवर दाबला की थरथर, पाय उचलला की गेली, तर आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (एक्सलच्या टोकाचा वळता सांधा) बघावा. वळताना कटकट आवाज आला तर बाहेरचा. जॉइंटवरचे रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेले दिसले तर फार विचारच करायला नको. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थडथडत असेल तर ते ब्रेकच्या डिस्कचे काम, शाफ्टला हात लावू नये. आणि बाजारातून नवे अलॉय व्हील घेतल्यापासून थरथर असेल, तर मधले भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तुंब्यावर, घट्ट बसते की सैल, ते पाहावे. सैल असेल तर मधे कडे बसवावे लागते, नाहीतर कितीही वेळा बॅलन्सिंग केले तरी चाक मध्यावर येत नाही.

अलाइनमेंटबद्दल तर बोलायलाच हवे. अलाइनमेंट चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. सरळ रस्त्यावर नव्वदला होणारी थरथर अलाइनमेंटने जात नाही. तरी प्रत्येक थरथरीला पहिले औषध तेच दिले जाते, कारण मशीन दुकानात उभे आहे आणि त्याचे हप्ते चालू आहेत.

समृद्धीच्या प्रवेशावर आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली ते चांगलेच केले. शाफ्टकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. ग्रीस सुकलेला क्रॉस आधी आपल्या टोकावरच्या टोपीच्या कडेला तांबूस भुकटी टाकतो, मग रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना ‘खट’ करतो, मग थरथरतो, आणि तरी लक्ष दिले नाही तर तुटतो. पुढचे टोक सुटून शाफ्ट रस्त्यावर पडला तर काय होते ते मी ट्रकच्या बाबतीत पाहिले आहे, वर्णन करत नाही. बसला शाफ्टखाली लोखंडी कडे असते ते याच भीतीने. मोटारींना बहुधा नसते.

म्हणून गॅरेजवाल्यांना, त्यात माझा भाचाही आला, माझे एवढेच सांगणे आहे: थरथरीची तक्रार आली की काहीही खोलण्याआधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून त्या वेगाला गाडी चालवा. कोणत्या वेगाला सुरू होते, गिअर बदलल्यावर काय होते, पाय उचलल्यावर काय होते, हे जॉब कार्डवर लिहा आणि मगच बिलाचा विषय काढा. गिऱ्हाइकानेही ‘गाडी हलते’ एवढे सांगून चावी देऊ नये.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी गाडी कोणती, हे लिहिलेले नव्हते. मागची चाके ओढणारी असेल, तर गेल्या वर्षभरात क्लच, गिअरबॉक्स किंवा कोटिंगचे काम झाले होते का, आणि थरथर हाताला लागते की पायाला, एवढे त्यांनी आपल्या दैनिकातून कळवावे. पुढची चाके ओढणारी असेल, तर पाय उचलल्यावर थरथर जाते का ते लिहावे. उरलेले मी सांगतो.

आपला,
एसटीचा एक निवृत्त कर्मचारी, जालना