आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: लहान मुलांचा सायनस एक्स-रेवर कळत नाही

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या नाकात जाईल अशी बारीक दुर्बीण आमच्या जिल्हा रुग्णालयाला देण्याचं आश्वासन याही आर्थिक वर्षात मोडलं. फाईल त्रुटी काढून परत आली. म्हणून आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञ हे जाहीरपणे लिहीत आहोत.

दुर्बीण नसली की सायनसचा एक्स-रे लिहिला जातो. 4 वर्षांच्या मुलाच्या कपाळातला सायनस, म्हणजे हाडातली हवेची पोकळी, एक्स-रेवर दिसण्याइतका वाढलेलाच नसतो आणि गालाचा सायनस साध्या सर्दीतही पांढरा दिसतो. त्या पांढरेपणावर अँटिबायोटिक सुरू होतं, मग त्याहून वरचं. सर्दी 10 दिवसांत उतरली नाही, बरी होता होता उलटली, किंवा 39 अंश सेल्सिअस ताप आणि घट्ट पिवळा शेंबूड सलग 3 दिवस राहिला, तरच जंतुसंसर्गाचा विचार करायचा. त्याला फिल्म लागत नाही.

त्रासाला 12 आठवडे उलटले, मिठाच्या पाण्याने नाक धुऊन आणि स्टिरॉइड स्प्रे मारूनही फरक नसला, तर 2.7 मिलिमीटरची दुर्बीण घालून नाकामागचं अ‍ॅडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारखी गाठ, बघायचं. लहान मुलात पहिली शस्त्रक्रिया त्याचीच. बऱ्याच मुलांना तेवढं पुरतं, आणि त्याच भुलीत गालाचा सायनस धुता येतो. सायनस उघडायची पाळी त्यानंतर, तीही सीटी स्कॅन पाहून. लहान वयात पॉलिप, म्हणजे नाकातले मऊ कोंब, दिसले तर आधी सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारासाठी घामातल्या क्लोराइडची तपासणी. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर अडकलेला मणी किंवा शेंगदाणा शोधायचा!

डोळ्याचं काय? नाक आणि डोळ्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं, म्हणून सायनसचा संसर्ग डोळ्याकडे पसरू शकतो. पापणी सुजून डोळा पुढे आला, लाल रंग फिका दिसू लागला, तर त्याच रात्री कॉन्ट्रास्ट सीटी आणि शिरेतून औषध हवं. नजर घटत असेल तर तातडीने पू काढावा लागतो. अशा मुलाला रेफरची चिठ्ठी देऊन दुसऱ्या शहरात धाडणं म्हणजे त्याची दृष्टी पणाला लावणं आहे, मंत्रिमहोदय.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात मुलांमध्ये तपासायच्या 30 आजारांच्या यादीत मध्यकर्णदाह आहे. त्याला वारंवार कारण ठरणारं अ‍ॅडेनॉइड नाही. इमारतींची उद्घाटनं होतात, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं राहतं. यंत्र येतं, देखभालीचा करार येत नाही. प्रकाशाच्या केबलमधले तंतू तुटले की दुर्बीण कपाटात जाते. लोकांच्या करातून चाललेली ही व्यवस्था मुलांसाठी आहे की फलकांसाठी?

दुर्बीण, केबल, करार आणि भूलतज्ज्ञ, चारही एकत्र द्या. खरेदी आदेशाची तारीख आम्हाला लेखी कळवा.

आपले,
जिल्ह्यातील कान-नाक-घसा तज्ज्ञ